काळ्या दगडाच्या जुन्या घरातली ओल: दोन पावसाळ्यांचं काम, पायरी पायरीने

श्रावणात कानबाई बसायच्या आधी घर झाडून रंगवायचं, ही आपल्या खान्देशातली रीत. वाटणीत आलेल्या किंवा नव्याने घेतलेल्या दगडी घरात पहिल्यांदा राहायला आलेलं कुटुंबही तेच करतं. भिंतीच्या खालच्या भागात ओल दिसत असते, म्हणून दुकानातून 'वॉटरप्रूफ' रंगाचा डबा येतो. पोळ्यापर्यंत रंग फुगतो आणि गणपतीत पोपडे जमिनीवर पडतात.

मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरात याहून मोठी चूक केली. पहिल्याच वर्षी ओल्या भिंतीला चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर टाइल्स लावल्या. दुसऱ्या पावसाळ्यात ओल टाइल्सच्या वर, साडेपाच फुटांवर निघाली. तो गिलावा फोडायला आलेल्या म्हाताऱ्या गवंडीबाबांनी एकच वाक्य सांगितलं, "पानी कथाईन ई राहिनं ते पहिले देख, मंग भीतले हात लाव." पाणी कुठून येतंय ते आधी बघ, मग भिंतीला हात लाव. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. सुरतेहून, पुण्याहून गावी परतून जुनं घर राहतं करणाऱ्यांनी हा क्रम मोडू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी भिंत समजून घ्या

आपल्या भागातला काळा दगड म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा दगड घट्ट असतो, फारसं पाणी पीत नाही. पाणी चढतं ते दगडांमधल्या सांध्यांतून आणि भिंतीच्या पोटातल्या भरावातून. जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती अखंड दगडाची नसते. बाहेरून घडीव दगडाचा एक थर, आतून ओबडधोबड दगडाचा दुसरा, आणि मधे माती, चुना, दगडाच्या चिपा. बऱ्याच घरांत दगड फक्त जोत्यापर्यंत किंवा खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत असतो आणि वर पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या पांढुरक्या, मातीचं नाहीतर विटांचं काम असतं.

अशी भिंत जमिनीतून थोडं पाणी घेते आणि सांध्यांतून हवेत सोडते. शंभर वर्षं तिचं हे चाललेलं असतं. आपण तिच्या अंगावर सिमेंट चढवलं की पाणी घेणं चालू राहतं, सोडणं बंद होतं. मग ओल वाट मिळेल तिथपर्यंत वर चढते. जमिनीतून चढणारी ओल सहसा कंबरेपर्यंत, फार तर तीन-साडेतीन फुटांपर्यंत येते. त्याहून वर दिसली तर एक तर वरून गळतंय, नाहीतर भिंतीचा श्वास कोणीतरी कोंडला आहे.

पहिली पायरी: एक पावसाळा नुसता बघायचा

मृगापासून हस्तापर्यंत भिंतीला काही लावू नका. एक वही घ्या. ओलीची कड जिथे संपते तिथे भिंतीवरच पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, दर आठ-दहा दिवसांनी नवी रेघ. पाऊस पडल्यावर किती वेळाने डाग गडद होतो तेही लिहा. तासाभरात डाग वाढला तर पाणी वरून किंवा बाहेरच्या अंगाने थेट येतंय. तीन-चार दिवसांनी वाढला तर जमिनीतून.

हवेतली वाफ आणि भिंतीतलं पाणी यांतला फरक ओळखायला सोपी परीक्षा आहे. भिंत कोरड्या ब्रशने झाडा. दोन फूट लांब-रुंद अॅल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक लावून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर कोंदट हवेचं पाणी थंड दगडावर साचतंय. त्यावर उपाय म्हणजे समोरासमोरच्या खिडक्या उघडणं आणि स्वयंपाकाची वाफ बाहेर काढणं.

वैशाखात ओल दिसली तर पावसाला दोष देऊ नका. पारा चव्वेचाळीसवर असताना भिंत ओली राहते ती घरातल्याच पाण्याने. पहिला संशय कूलरवर घ्या. खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला कूलर चार महिने थेंब थेंब भिंतीवर गाळत असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरा संशय हौदावर. आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून जमिनीतला हौद असतोच आणि तो बरेचदा भिंतीला लागून असतो. पाण्याच्या दोन पाळ्यांमधली एक रात्र निवडा, हौद झाका, त्यातलं पाणी वापरू नका, आतल्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. झाकलेल्या हौदाची पातळी बोटभर उतरली तर ओलीचा मालक सापडला.

गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते, त्यामुळे पलीकडच्या घरातली न्हाणी तुमच्या भिंतीला पाणी पाजत असण्याची शक्यता धरा. शेजाऱ्याकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका. भाऊ, जरा आमची भिंत बघायला या, असं म्हणून त्यांना घरी बोलवा. डाग दोघांनी एकत्र पाहिला की पुढचं बोलणं सोपं होतं.

दुसरी पायरी: वरचं पाणी

काम नेहमी वरून खाली. धाबं, म्हणजे घरावरचं सपाट छत, गळत असताना जोत्याशी खोदकाम करून उपयोग नाही.

एक हिशोब मनात ठेवा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. तीस फूट बाय वीस फूट धाब्यावर पन्नास मिलिमीटरचा एक दणकट पाऊस झाला तर साधारण २,८०० लिटर पाणी जमतं, म्हणजे दोनशे लिटरचे चौदा ड्रम. ते एक-दोन पन्हाळींतून खाली येतं आणि पन्हाळ भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे असेल तर सगळंच्या सगळं जोत्याच्या मुळाशी ओतलं जातं. आमच्या घरातली निम्मी ओल फक्त पन्हाळीला जोडपाइप लावून पाणी लांब नेल्यावर गेली. सगळ्यात कमी खर्चाचं काम हेच होतं आणि मी ते सगळ्यात शेवटी केलं.

धाबं मातीचं असेल तर आखाजी (अक्षय तृतीया) ते मृग या दिवसांत त्यावर चढा. उगवलेलं गवत मुळासकट काढा, पन्हाळीची तोंडं मोकळी करा, खड्डे भरून खारी माती पसरा आणि ढाळ पन्हाळीकडे आहे ना ते बादलीभर पाणी ओतून तपासा. गळतंय म्हणून धाब्यावर काँक्रीट ओतू नका. चार इंच काँक्रीटचं वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो होतं. आधीच मातीचा भार वाहणाऱ्या जुन्या सागवानी तुळयांवर ते टाकणं धोक्याचं आहे. तुळईची भिंतीत गेलेली टोकं दाभणाने टोचून बघा. दाभण सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागली आहे, आणि मग बाकी सगळं थांबवून सुताराला बोलवा, त्या खोलीत झोपू नका.

धाब्यावर पत्र्याचं छप्पर घेणं आता सर्रास चालतं आणि ते वाईट नाही. पत्रा भिंतीच्या पुढे निदान दीड फूट काढा आणि त्याला पावळीचं पाणी गोळा करणारी पन्हाळ लावा. धाबं आणि पत्रा यांच्यामध्ये वारा खेळायला जागा सोडा.

भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता कापू नका, मुळाशी पुन्हा फुटतो आणि सांधा उलगडतो. रोप लहान असतानाच सांधा मोकळा करून मूळ काढा आणि लगेच चुन्याने दरज भरा. मूळ मनगटाएवढं झालं असेल तर ओढून काढताना दगड निखळतात. ते काम गवंडी उभा असतानाच करा.

तिसरी पायरी: घराभोवतीची जमीन

माझ्या मते खान्देशातल्या गावठाणांत ओलीचं सगळ्यात मोठं कारण हे आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जुन्या माणसांनी घरं उंच जोत्यावर बांधली. चार-पाच पायऱ्या चढून ओट्यावर यावं लागे. पुढे गल्लीत खडी आली, मग डांबर, मग सिमेंटचा रस्ता. प्रत्येक नवा थर जुन्याच्या वर. पायऱ्या एकेक करून बुडाल्या, ओटा रस्त्याच्या पातळीला आला आणि काही घरांत आता रस्त्यावरून खाली उतरून आत जावं लागतं. घर आहे तिथेच राहिलं, भोवतीची जमीन वर आली. जो दगड हवेत असायला हवा होता तो मातीत गेला.

म्हणून गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा आणि तीन पातळ्या मोजा: घरातली जमीन, बाहेरची जमीन, गटारीचा तळ. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा निदान सहा ते आठ इंच खाली हवी. परसाकडची, बोळातली माती तुमच्या हातात आहे. वर्षानुवर्षांचा साचलेला कचरा, राडारोडा, शेणखताचा ढीग भिंतीपासून हटवा. आमच्या मागच्या भिंतीशी सव्वा फूट माती निघाली आणि खाली घडीव दगडाची, कोणी न पाहिलेली एक ओळ दिसली.

रस्त्याच्या बाजूला माती काढता येत नसेल तर भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये वीतभर रुंदीची उघडी नाली काढा, तिला फुटाला पाव इंच ढाळ द्या आणि वर काढता येईल अशी जाळी ठेवा. नवा रस्ता मंजूर व्हायच्या आधी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, की जुना थर खरवडून मगच नवा टाकावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे. गल्लीतल्या पाच-सात घरांनी मिळून तिथे विषय मांडला तर एकट्याच्या तक्रारीपेक्षा फरक पडतो.

आता काळ्या मातीबद्दल. तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात ही माती खोल आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभं असलेलं घरही थोडं वर-खाली होतं. वैशाखात उघडणारी आणि श्रावणात मिटणारी भिंतीची चीर यामुळे असते. अशा चिरेत सिमेंट भरलं तर पुढच्या वर्षी तिच्याशेजारी दुसरी पडते. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून अंतर वर्षभर मोजा. चीर ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल तर आधी जमिनीतली ओल वर्षभर सारखी ठेवण्याच्या मागे लागा. दर वर्षी रुंदच होत गेली, किंवा ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर झुकलेली दिसली, तर घरगुती उपाय सोडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

काळ्या मातीत घराभोवती तीन-चार फूट रुंदीची फरशी, मुरमाच्या थरावर, बाहेर ढाळ देऊन करावी, म्हणजे पायाजवळची माती एकदम फुगत-वाळत नाही. साक्री, शिंदखेडा, चाळीसगावच्या डोंगराकडच्या भागात मुरूम वर असतो. तिथे फरशीऐवजी भिंतीलगत दोन फूट खडीचा पट्टा पुरतो, भिंत त्यातून वाळत राहते. शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याने केलं ते आपल्याकडे जसंच्या तसं करू नका, आधी माती बघा.

जमिनीतलं पाणी वळवायला चर खोदायचा असेल तर तो दिवाळीनंतर खोदा. आधी एका जागी छोटा खड्डा घेऊन पायाचा तळ किती खोल आहे ते बघा, कारण जुन्या घरांचा पाया कधी कधी दोन फुटांवरच संपतो. चर भिंतीपासून तीन फूट लांब ठेवा आणि पायाच्या तळाच्या खाली कधीही जाऊ नका. एका वेळी चार-पाच फुटांचाच तुकडा खोदा, भरा, मग पुढचा. तळाशी भोकं पाडलेला चार इंची पाइप, भोकं खाली करून, भोवती गाळ अडवणारं कापड आणि वर खडी. पाइपचं दुसरं टोक खरोखर खालच्या पातळीवर निघतंय ना, याची खात्री खोदण्याआधी करा. तशी जागा नसेल तर चर म्हणजे भिंतीशेजारी खोदलेलं तळं होईल. जुन्या दगडांत विंचू असतात, हात घालण्याआधी काठीने हलवून बघा.

मोरी, सांडपाणी, शोषखड्डा

मोरीच्या पाण्यात थोडा गडद रंग मिसळून ओता आणि बाहेर गटारीत किती वेळाने, किती पाणी निघतं ते बघा. रंग निघालाच नाही, किंवा दुसऱ्याच जागी भिंतीतून झिरपला, तर पाइप किंवा मोरीचा तळ फुटलेला आहे.

काळ्या मातीत शोषखड्डा बहुधा फसतो, कारण चिकणमाती पाणी शोषतच नाही. फूटभर खोल खड्डा घ्या, एक रात्र पाण्याने भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरते ते मोजा. जेमतेम हलली तर शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागेल. तेवढं खोल जाणं शक्य नसेल तर सांडपाणी परसात केळी, अळू, कर्दळीकडे वळवा. शोषखड्डा भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट आणि विहिरीपासून साठ फूट लांब ठेवा.

पेव सापडलं तर

जुन्या वाड्यांत धान्य साठवायचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, असायचं. आता ते फरशीखाली बुजलेलं किंवा विसरलेलं असतं. खोलीच्या मधोमध ओल येते आणि पाय आपटल्यावर पोकळ आवाज येतो, तर खाली पेव असू शकतं आणि त्यात पाणी साचलेलं असू शकतं. पेवात कधीही तसेच उतरू नका. बंद पेवात प्राणवायू संपलेला असतो, विषारी वायू साचलेला असतो, आणि आत गेलेल्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. दिवा पेटता राहिला म्हणून आत जाणं सुरक्षित आहे असंही समजू नका. तोंड उघडून लांबूनच पंपाने पाणी काढा आणि वरूनच मुरूम टाकून थर थर करत बुजवा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

भिंत उघडी करा आणि वाळू द्या

वरचं, बाजूचं, खालचं पाणी बंद झाल्यावरच भिंतीकडे वळा. संक्रांतीनंतर सिमेंटचा गिलावा, टाइल्स, पीओपी काढून टाका, ओलीच्या कडेच्या फूटभर वरपर्यंत. आधी त्या भिंतीतली वीज मेनपासून बंद करा, कारण ओल्या भिंतीतल्या जुन्या वायरींनी शॉक बसतो. वायरमनला सांगून विजेची गळती झाल्याबरोबर वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. छिन्नी आडवी धरा, दगडावर मारू नका. भिंत फोडायचं ब्रेकर मशीन नकोच, पोटातला भराव सैल होतो.

मग फाल्गुन ते वैशाख आपलं ऊन आणि कोरडा वारा जे करतात ते कोणतंही मशीन करू शकत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, कपाटं भिंतीपासून ओढा. तरीही घाई नको. भिंत वाळायला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशोब धरतात, आणि दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी उघडी असली तरी तिला वर्ष लागू शकतं.

वाळताना भिंतीवर पांढरी पावडर येईल. हा लोणा. घाबरू नका, भिंत आतला क्षार बाहेर टाकते आहे. तो पाण्याने धुऊ नका, विरघळून परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा, सुपात गोळा करा आणि घरापासून लांब टाका. दर आठवड्याला हे करत राहा. जिथे पूर्वी गोठा होता त्या भिंतीला लोणा फार लागतो, कारण गुरांच्या मुताशेणातला क्षार पिढ्यानपिढ्या तिच्यात मुरलेला असतो. हा क्षार पावसाळी हवेतलं पाणी स्वतः ओढून घेतो. म्हणून गोठ्याकडची भिंत सगळं पाणी बंद केल्यावरही श्रावणात ओलसर दिसते. तिथे पुन्हा खोदाखोदी करू नका. चुन्याचा साधा गिलावा करा, तो दोन-तीन वर्षांत क्षार पिऊन खराब होईल, काढून नवा करा. दोन-तीन फेऱ्यांत फरक जाणवतो.

भिंतीला भोकं पाडून औषध भरण्याचा सल्ला मिळेल. अखंड विटांच्या भिंतीत त्याचा उपयोग होत असेल, पण पोटात दगड-मातीचा भराव असलेल्या भिंतीत औषध सगळीकडे सारखं पसरत नाही. मी त्यावर पैसे घालणार नाही. तसंच सारवलेली जमीन काढून खाली प्लास्टिक अंथरून चकचकीत टाइल्स बसवल्या तर जमिनीतून निघणारी ओल भिंतीकडे वळते. शहाबादी फरशी वाळू-चुन्यावर बसवा.

शेवटी चुना

उघडी भिंत आणखी एक पावसाळा तशीच राहू द्या. पाहुण्यांना ती ओबडधोबड दिसेल, चालेल. पेन्सिलीच्या जुन्या रेघांशी नव्या रेघा जुळवून बघा. ओल खाली आली असेल तर दिवाळीच्या सुमाराला गिलाव्याला हात घाला. वैशाखात चुन्याचं काम करू नका, चुना पक्का होण्याआधीच वाळतो आणि भुसभुशीत राहतो.

कळीचा चुना विझवताना उकळतो, अंगावर उडतो आणि डोळा जाऊ शकतो. चष्मा, हातमोजे वापरा, पाण्यात चुना घाला, चुन्यावर पाणी ओतू नका, मुलांना लांब ठेवा. हे नको असेल तर विझवलेला चुना विकत मिळतो. आधी दगडांच्या दरजा इंचभर खोल मोकळ्या करून भरा. गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. जोत्याजवळ एक भाग चुना, एक भाग सुरकी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग वाळू घेतात, सुरकीने चुना ओलीतही पकडतो. थर बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको, दुसरा थर पहिला बसल्यावर. आठ-दहा दिवस ओली पोती टांगून ठेवा. सिमेंट चिमूटभरसुद्धा मिसळू देऊ नका. गवंडी हट्ट धरेल, लवकर पकडतं म्हणेल. त्याला घरातल्या एका कोपऱ्यात हातभर जागेवर नुसत्या चुन्याचा नमुना करायला सांगा आणि पंधरा दिवसांनी दोघांनी मिळून बघा.

वरून चुन्याची सफेदीच द्या, तीन पातळ हात. प्लास्टिक रंग, पुट्टी नको. पलंग आणि कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, आणि पेन्सिलीच्या रेघा कपाटामागे एका जागी न पुसता राहू द्या, पुढच्या मृगात लागतील.